एजंटावर विश्वास किती ठेवावा? कंत्राटी कामाविषयी वाचकांच्या पत्रांना उत्तरे

कंत्राटी काम आणि ते मिळवून देणारे एजंट या विषयावर मागील अंकात आम्ही वाचकांकडून प्रश्न मागवले होते. अलिबागपासून कुडाळपर्यंतच्या वाचकांनी पत्रे पाठवली. त्यांत जहाजावर जाऊ इच्छिणाऱ्या मुलाचे वडील आहेत, घरी बसून संगणकावर काम करणारे तंत्रज्ञ आहेत आणि कारखान्यांना माणसे पुरवणारे एक एजंटही आहेत. पत्रलेखकांची नावे अर्थातच दिलेली नाहीत.

प्रश्न : मी रत्नागिरीत घरूनच, पुण्यातील एका मनुष्यबळ कंपनीमार्फत, एका मोठ्या उद्योगाच्या संगणक प्रणालीचे काम कंत्राटावर करतो. मी एजंटाला दरमहा 1,10,000 रुपयांचे बिल देतो. माझ्या कामापोटी एजंट त्या उद्योगाला दरमहा 1,50,000 रुपयांचे बिल लावतो, असे तेथील एका अधिकाऱ्याच्या बोलण्यातून अलीकडे कळले. ‘आम्हाला यात जेमतेम पाच टक्के सुटतात’ असे एजंटाने मला सुरुवातीला सांगितले होते. आता तो उद्योग मला थेट काम देण्यास तयार आहे, परंतु एजंटाशी झालेल्या करारात ‘काम संपल्यावर बारा महिने त्याच ग्राहकाकडे थेट काम करणार नाही’ अशी अट आहे. माझी फसवणूक झाली असताना मी ती का पाळावी? — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : आपला राग समजण्यासारखा आहे, तरीही निष्कर्षाला येण्यापूर्वी एक गोष्ट तपासावी. तो 1,50,000 रुपयांचा आकडा जीएसटीसह आहे की जीएसटीविना? मनुष्यबळ पुरवठ्याच्या सेवेवर 18 टक्के जीएसटी लागतो. आकडा करासह असेल तर मूळ बिल सुमारे 1,27,119 रुपयांचे होते आणि एजंटाकडे आपले पैसे वजा जाता 17,119 रुपये, म्हणजे बिलाच्या साधारण साडेतेरा टक्के, राहतात. आकडा करविरहित असेल तर मात्र 40,000 रुपये, म्हणजे चौथ्या हिश्शाहून अधिक रक्कम एजंटाकडे राहते. या दोहोंत जमीनअस्मानाचा फरक आहे, आणि अधिकाऱ्याच्या ओझरत्या बोलण्यातून तो कळत नाही.

उरलेली सगळी रक्कम एजंटाच्या खिशात जाते असेही नाही. मोठे उद्योग साठ किंवा नव्वद दिवसांनी बिल चुकते करतात. तोपर्यंत आपल्याला वेळेवर पैसे द्यायचे तर एजंटाला स्वतःचे भांडवल अडकवावे लागते. आपण स्वतः बिल देत असल्यामुळे भविष्यनिर्वाह निधीचा मालकाचा वाटा त्याला भरावा लागत नाही, ही मात्र त्याची बचत आहे; आपण त्याच्या पगारपत्रकावर असता तर मूळ वेतनावर 12 टक्क्यांपर्यंतचा हा खर्च त्याच्याकडे येऊ शकला असता.

हे सगळे जमेस धरूनही ‘जेमतेम पाच टक्के’ हे विधान कोणत्याही हिशेबात बसताना दिसत नाही, आणि माझ्या मते आपल्या तक्रारीचा गाभा तोच आहे. एजंटाने स्वतःचा वाटा आपल्याला सांगितलाच पाहिजे अशी सक्ती सर्वसाधारणपणे नसते. त्याला पैसे तो उद्योग देतो, त्यामुळे व्यवहाराच्या भाषेत त्याचा ग्राहक तो उद्योग आहे आणि एजंट आपला वकील नाही, हे आपण आरंभापासून लक्षात ठेवलेले बरे. ‘आमचा वाटा आम्ही सांगत नाही’ असे स्पष्ट म्हणणाऱ्या एजंटाबरोबर मी निश्चिंतपणे काम करीन. न विचारताच खोटा आकडा सांगणाऱ्याबरोबर मात्र करणार नाही, कारण जो दराबाबत खोटे बोलतो तो मुदतवाढीबाबत आणि काम संपल्याच्या सूचनेबाबतही खोटे बोलेल.

आपल्याकडील आंबा बागायतदाराला हे समजावून सांगावे लागत नाही. वाशीच्या बाजारातून येणाऱ्या पट्टीवर पेट्या, मिळालेला भाव, हमाली, वाहतूक आणि इतर कपात वेगवेगळी लिहिलेली असते. दलालाला पैसे सुटतात म्हणून बागायतदार भांडत नाही. पट्टीवरचा भाव आणि प्रत्यक्ष विक्रीचा भाव यांत तफावत आढळली की मात्र पुढच्या हंगामात माल दुसऱ्या गाळ्यावर जातो. आपणही एजंटाला शांतपणे ईमेल लिहावी, ‘पाच टक्के’ या विधानाची आठवण द्यावी आणि स्पष्टीकरण मागावे. ‘पाच टक्के हा सर्व खर्च वजा जाता उरणारा नफा होता’ असे उत्तर कदाचित येईल. ते पटते की नाही हे आपण ठरवावे, परंतु उत्तर लेखी असावे.

आता अटीकडे वळू. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 27 नुसार कोणालाही कायदेशीर व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार, तेवढ्या मर्यादेत, रद्दबातल ठरतो. करार संपल्यानंतरच्या अशा बंदीकडे न्यायालये सामान्यतः प्रतिकूल दृष्टीनेच पाहतात. करार चालू असतानाच्या बंधनांचे आणि गोपनीयतेच्या अटींचे तसे नाही. ती पाळावीच लागतात. शिवाय, एजंट आणि तो उद्योग यांच्यातही एक स्वतंत्र करार असतो, आणि एजंटामार्फत आलेल्या माणसाला थेट घ्यायचे झाल्यास उद्योगाने एजंटाला ठरावीक रक्कम द्यावी असे कलम त्यात पुष्कळदा आढळते. ते कलम उद्योगाला बांधते, आपल्याला नाही.

म्हणून माझा सल्ला असा की आपण चोरवाटेने जाऊ नये. थेट काम देऊ इच्छिणाऱ्या अधिकाऱ्याला, त्यांच्या कंपनीने आधी एजंटाशी हा विषय मिटवावा, असे सांगावे. चालू कंत्राटातील सूचनेचा कालावधी पूर्ण करावा आणि मगच थेट करार करावा. एजंट खोटे बोलला म्हणून आपणही गुपचूप निघून गेलात, तर उद्या तोच उद्योग आपल्याविषयी काय समजेल? आधी खोटे आपला एजंटच बोलला होता, हे त्या अधिकाऱ्याला कधीच कळणार नाही.

प्रश्न : माझ्या मुलाने जहाजावरील खलाशाच्या कामाचा (जी.पी. रेटिंगचा) अभ्यासक्रम पूर्ण केला असून त्याची सीडीसी, म्हणजे खलाशाचे अधिकृत नोंदपुस्तक, निघाली आहे. आमच्याच तालुक्यातील ओळखीच्या एका गृहस्थांनी ‘जॉइनिंग’ करून देण्यासाठी साडेतीन लाख रुपये आणि मूळ सीडीसी मागितली आहे. पावती मिळणार नाही, परंतु ‘मी काय पळून जाणार आहे का, आपण शेजारचेच’ असे ते म्हणतात. व्हॉट्सअ‍ॅपवर शिक्क्याचे पत्रही आले आहे. विश्वास ठेवावा का? — एक वाचक, दापोली तालुका

उत्तर : ठेवू नये. पैसे देऊ नयेत आणि मूळ कागदपत्रे तर मुळीच देऊ नयेत.

खलाशांना जहाजावर नेमण्याचे काम भारतात फक्त नौवहन महासंचालनालयाचा परवाना असलेल्या संस्थाच करू शकतात. या परवान्याला बोलीभाषेत ‘आरपीएसएल’ म्हणतात आणि 2016 च्या नियमांनुसार तो दिला जातो. परवानाधारक संस्थांची यादी महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. त्या गृहस्थांकडून संस्थेचे नाव आणि परवाना क्रमांक घ्यावा व तो यादीतील नोंदीशी स्वतः ताडून पाहावा. एवढ्यावर थांबू नये. यादीतील दूरध्वनीवर फोन करून हे गृहस्थ खरोखर त्या संस्थेचे आहेत का, अशी विचारणा करावी. नामांकित संस्थेचे नाव आणि शिक्का वापरून बनावट पत्रे तयार केली जातात आणि शिक्का बनवायला काहीही लागत नाही.

पैशांबाबत नियम इतका स्पष्ट आहे की त्यात वाटाघाटीला जागाच नाही. भारताने ऑक्टोबर 2015 मध्ये स्वीकारलेल्या 2006 च्या सागरी कामगार करारानुसार नोकरी मिळवून देण्यासाठी खलाशाकडून शुल्क घेता येत नाही. वैद्यकीय दाखला, सीडीसी आणि पासपोर्ट यांचा खर्च खलाशाने करावयाचा असतो. व्हिसाचा खर्च मात्र जहाजमालकाचा असतो. आखाती देशांत जमिनीवरच्या नोकरीसाठी जाणाऱ्यांचा नियम वेगळा आहे, आणि अनेक पालकांची गल्लत इथेच होते. 1983 च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणीकृत एजंट त्यांच्याकडून जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे एकूण 35,400 रुपये, घेऊ शकतो, आणि तेही पावती देऊन. जहाजाच्या नोकरीसाठी मात्र ही रक्कम शून्य आहे. त्यामुळे ‘सगळेच घेतात, मी कमी घेतो’ हे कानावर पडेल तेव्हा त्याचा अर्थ एवढाच घ्यावा की समोरचा माणूस नियम मोडण्याची कबुली देत आहे.

पत्रावर जहाजाचे नाव असेल तर त्याचा सात आकडी आयएमओ क्रमांक, म्हणजे जहाजाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, विचारावा. निघण्यापूर्वी नोकरीचा करार मुलाच्या हाती पडला पाहिजे, आणि वेतन, कामाचा कालावधी, मायदेशी परत पाठवण्याचा खर्च आणि जहाजमालकाचे नाव त्यात असले पाहिजे. पर्यटक व्हिसावर परदेशी बंदरात जाऊन ‘तिथे जहाज मिळेल’ असे सांगितले गेल्यास तिथेच थांबावे. बिगरपरवाना माणसामार्फत गेलेल्या मुलाला पुढे दोन्हीकडून मार बसतो: जहाजावर पगार थकला तर इथे जाब विचारायला कोणी उरत नाही, आणि समुद्रसेवेची नोंद सरकारदरबारी सिद्ध करतानाही अडचणी येतात. पासपोर्टविषयीही सांगून ठेवतो. 1967 च्या पासपोर्ट कायद्यानुसार तो केंद्र सरकारच्या मालकीचा असतो. व्हिसाच्या कामासाठी तो तात्पुरता द्यावा लागला तर लेखी पोच घ्यावी, आणि तारण म्हणून तो कोणालाही देऊ नये.

शेजाराचा प्रश्न नाजूक आहे, हे मला कळते. कोकणातल्या गावात एका माणसाला नाही म्हटले तर देवळात आणि लग्नकार्यात त्याच्याशी पुन्हा गाठ पडते. पण हाच शेजार त्या गृहस्थांच्या व्यवहाराचे भांडवल आहे. पावतीला पर्याय म्हणून ते ओळख पुढे करत आहेत. ‘परवाना क्रमांक द्या, मग बोलू’ एवढेच सांगितल्याने कोणाचा अपमान होत नाही.

प्रश्न : मी चिपळूणचा आहे. लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांना वार्षिक शटडाऊनसाठी, म्हणजे देखभालीसाठी कारखाना बंद ठेवतात त्या काळासाठी, फिटर, वेल्डर आणि रिगर (अवजड सामान उचलून बसवणारे कामगार) पुरवतो. आपल्या अंकांत एजंटांविषयी नेहमी वाईटच लिहिले जाते, म्हणून आमची बाजू कळवतो. मुले फोनवर हो म्हणतात, गेटपास निघतो आणि कामाच्या दिवशी मोबाईल बंद असतो. गणपती जवळ आले की चालू काम सोडून निम्मी माणसे निघून जातात. कारखाना मला दंड लावतो. मी विश्वास कोणावर ठेवायचा? — एक एजंट, चिपळूण

उत्तर : आपण मोकळेपणाने लिहिलेत, याबद्दल मनापासून आभार. दिलेला शब्द न पाळणारे कामगार हा खरा प्रश्न आहे आणि त्यामुळे प्रामाणिक एजंटाचे नुकसान होते, यात वाद नाही. येता येत नसेल तर दोन दिवस आधी तसे कळवणारा वेल्डर हा कोणत्याही एजंटाच्या वहीत वरच्या पानावर राहतो, हे या सदराच्या कामगार वाचकांनी ध्यानात घ्यावे.

आता आपल्या बाजूचे पाहू. पंचवीस जागांसाठी चाळीस जणांना फोन करायचे, सगळ्यांना ‘काम नक्की’ सांगायचे आणि जास्तीच्या माणसांना फाटकावरून परत पाठवायचे, ही या धंद्यातील जुनी रीत आहे. आपण तसे करत नसाल. परंतु आपल्याकडे येणारी मुले ज्यांच्याकडून आली आहेत त्यांनी ते केलेले असते. मग मुलेही तीन एजंटांना हो म्हणून ठेवतात आणि जो आधी गाडी पाठवतो त्याच्याकडे जातात. हा अविश्वास दोन्हीकडून शिकला गेलेला आहे. तो मोडण्याचा पहिला अधिकार माझ्या मते एजंटाचा आहे, कारण फोन तो करतो आणि कामाची खरी संख्या त्यालाच ठाऊक असते.

गेटपासचे उदाहरण घ्या. रासायनिक कारखान्यात शिरण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी, ओळखपत्रांची छाननी आणि सुरक्षेचे प्रशिक्षण होते. त्यात दोन-तीन दिवस जातात, आणि त्या दिवसांत मुले लोट्याच्या एखाद्या खोलीत आठ-दहा जणांबरोबर बसून असतात. त्या दिवसांची हजेरी कोण देणार? बहुतेक ठिकाणी कोणीच देत नाही, आणि आधी कोणी सांगितलेलेही नसते. माझ्या पाहण्यातली बरीचशी भांडणे याच दिवसांवरून सुरू होतात. त्या दिवसांची अर्धी हजेरी देणार असाल तर तसे सांगा. काहीच देणार नसाल तर तेही सांगा, म्हणजे येणारा माणूस ठरवून येईल. रोज किती, पाळी आठ तासांची की बारा तासांची, जादा वेळेचा मोबदला कायद्याप्रमाणे दुप्पट मिळणार की नाही, राहण्याची सोय आणि परतीचे भाडे कोणाचे, हे एका पानावर मराठीत लिहून प्रत्येकाच्या मोबाईलवर पाठवले आणि ‘मान्य’ असे उत्तर मागवले, तर तेच आपल्या उपयोगी पडेल.

गणपतीची तारीख कारखान्याला, आपल्याला आणि मुलांना वर्षभर आधी माहीत असते. कोकणातला माणूस त्या दिवसांत घरी जाणारच, शिमग्यालाही जाणारच. हे गृहीत धरूनच कंत्राट घ्यावे. त्या काळात काम अटळ असेल तर निम्मी तुकडी बाहेरच्या जिल्ह्यांतून ठरवावी आणि थांबणाऱ्यांना जादा दर द्यावा, आणि तो कारखान्याच्या दरपत्रकात आधीच धरावा. उचल देऊन माणसे बांधून ठेवण्याचा मार्ग मात्र कृपया धरू नका. उचलीपोटी अडकलेला माणूस कामावर असतो पण त्याचे लक्ष घराकडे असते, आणि उंचीवर वेल्डिंग करणाऱ्याच्या बाबतीत हे धोक्याचे आहे.

दंडाबाबत एक सावधगिरी. कारखान्याने आपल्याला लावलेला दंड मुलांच्या मजुरीतून परस्पर कापता येत नाही. गैरहजेरीच्या दिवसांची मजुरी कापणे वेगळे. दंड म्हणून होणारी कपात कायद्याने त्या वेतनकाळातील मजुरीच्या 3 टक्क्यांपर्यंतच मर्यादित ठेवली आहे. मजुरी पुढील महिन्याच्या सात तारखेच्या आत गेली पाहिजे, मग कारखान्याचे बिल निघो वा न निघो. आपण मजुरी थकवली तर ती देण्याची जबाबदारी मूळ मालकावर, म्हणजे कारखान्यावर, येते, हे 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यातील तत्त्व नव्या श्रम संहितांतही कायम आहे; म्हणून मुलांची मजुरी वेळेवर देणारा एजंट कारखान्यालाही हवा असतो. पुढचे कंत्राट मागताना आपली हजेरीपत्रके आणि बँकेतून मजुरी दिल्याच्या नोंदी बरोबर न्याव्यात.

प्रश्न : मी यंत्रांचे आराखडे काढण्याचे काम एका एजन्सीसाठी बिल देऊन करते. चार महिन्यांचे पैसे थकले आहेत. ‘क्लायंटने दिले की देतो’ हेच उत्तर मिळते. करारात मुदतीचा उल्लेख नाही. — एक वाचक, कुडाळ

उत्तर : आपला करार एजन्सीशी आहे, तिचा ग्राहक पैसे देतो की नाही, हा तिचा धोका आहे आणि त्यासाठीच ती मधला वाटा घेते. ‘क्लायंटने दिले की देतो’ हे करारात लिहिलेले नसेल तर ते नुसते बोलणे आहे.

सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीच्या 2006 च्या कायद्याचा आधार आपल्याला घेता येईल, मात्र त्यासाठी आपली ‘उद्यम’ नोंदणी, म्हणजे लहान उद्योग म्हणून सरकारदरबारी नोंदणी, हवी. करारात मुदत नसेल तर काम स्वीकारल्यापासून 15 दिवसांत आणि मुदत ठरलेली असली तरी कमाल 45 दिवसांत पैसे देणे खरेदीदारावर, म्हणजे इथे एजन्सीवर, बंधनकारक आहे. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज लागते. तक्रार अशा थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या राज्याच्या सुविधा परिषदेकडे ऑनलाइन करता येते. नोंदणी काम सुरू होण्याआधीच झालेली असणे महत्त्वाचे आहे, कारण थकबाकीनंतर केलेल्या नोंदणीवरून वाद उद्भवतात. आपली नोंदणी नसेल तर ती आजच करावी; पुढच्या कामांना तिचा उपयोग होईल, आणि जुन्या थकबाकीसाठी वकिलामार्फत नोटीस हा मार्ग खुला आहेच.

आणखी एक उपाय आहे, आणि तो पुष्कळदा नोटिशीच्या आधी लागू पडतो. आयकर कायद्यातील 2023 च्या दुरुस्तीमुळे सूक्ष्म व लघु उद्योगांना मुदतीत न दिलेली रक्कम, ती प्रत्यक्ष देईपर्यंत, खरेदीदाराला खर्च म्हणून दाखवता येत नाही. आपला उद्यम क्रमांक बिलावर ठळक छापून एजन्सीच्या हिशेबनीसाला नम्र पत्र पाठवावे. मालक दाद देत नसला तरी मार्चअखेर जवळ आली की हिशेबनीस देतो. टीडीएस कापल्याचे एजन्सी सांगत असेल तर तो आपल्या आयकर खात्यावर जमा दिसतो का, हेही पाहावे. कापलेला कर भरलेलाच नसेल तर त्या एजन्सीचे पुढचे काम घेऊ नये.

प्रश्न : दोन एजंटांनी माझी माहिती एकाच कंपनीला पाठवली आणि कंपनीने ‘वाद नको’ म्हणून माझा अर्जच बाजूला ठेवला. पहिल्या एजंटाने मला विचारलेही नव्हते. — एक वाचक, अलिबाग

उत्तर : हे वारंवार घडते. न विचारता माहिती पाठवणे हा पहिल्या एजंटाचा उघड गैरव्यवहार आहे, आणि त्याला तसे लेखी कळवावे. कंपनीलाही एक ओळ लिहावी की आपण परवानगी फक्त दुसऱ्या एजंटाला दिली होती; परवानगीचा ईमेल सोबत जोडल्यास अर्ज पुन्हा विचारात घेतला जाण्याची शक्यता असते. यापुढे आपली माहिती देताना ‘कंपनीचे नाव आणि दर सांगून माझी लेखी संमती घेतल्याशिवाय ती कोठेही पाठवू नये’ असे त्याच ईमेलमध्ये लिहावे. कोणत्या एजंटाला कोणत्या कंपनीसाठी आणि कोणत्या तारखेला होकार दिला, याची नोंद स्वतःकडेही ठेवावी, कारण दोघांना होकार देऊन विसरणारे उमेदवारही कमी नाहीत, आणि तेव्हा कंपनी अर्ज बाजूला ठेवते तो दोष एजंटाचा नसतो.